पापडखार

आमच्याकडे उन्हाळ्यात पापडाचं पीठ भिजवायचं म्हटलं की आजी पत्र्याच्या डब्यातून खाराचा खडा काढायची, पाण्यात विरघळवायची, ते पाणी फडक्याने गाळायची आणि बोटाने जिभेला लावून बघायची. जमलं तर "हं", नाही तर अजून थोडं पाणी. हा खार दुकानातला नव्हता, तळ्यातला होता. आम्ही लोणारचे, जिल्हा बुलढाणा, घाटावरचे. बाहेरचे लोक सरोवर म्हणतात, आम्ही घरात तळंच म्हणायचो. आजीला त्या खाराच्या जाती पाठ होत्या, डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी, आणि कोणता कशाला चालतो हेसुद्धा. माझ्या लहानपणापर्यंत तो काढणं जवळपास बंदच झालं होतं, डब्यात होता तो जुना साठा.

हे आठवायचं कारण म्हंजे परवा एका विद्यार्थिनीने प्रॅक्टिकल संपल्यावर विचारलं, मॅडम तुम्ही जिऑलॉजी का घेतलं? आणि मी तिला जे सांगितलं, की लहानपणापासून सरोवराचं कुतूहल होतं, दगडांची आवड होती वगैरे, ते साफ खोटं होतं. इतक्या इंटरव्ह्यूंमध्ये तेच सांगून सांगून आता तोंडातून आपोआप निघतं. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. म्हणून इथे खरं काय झालं ते लिहून काढतेय, कारण ती पोरगी पण माझ्यासारखीच कुठल्यातरी तालुक्याची आहे आणि तिला वाटेल की मॅडमना सुरुवातीपासून सगळं माहीत होतं.

खरं असं की मला डीएड करायचं होतं. तेव्हा आमच्याकडे मुलीने बारावी केली की डीएड, दोन वर्षांत झेडपीची मास्तरीण, स्थळं दारात, असा सरळ हिशोब असायचा. मी दहावीपर्यंत लोणारला, मग बारावी सायन्स मेहकरला एसटीने जाऊन येऊन केली. २००२ ला निकाल लागला आणि डीएडच्या मेरिटमध्ये नाव काही बसलं नाही. बाबांचं बसस्टँडजवळ छोटं टेलरिंगचं दुकान, जेन्ट्स टेलर, पैसे भरून कुठे ॲडमिशन घ्यायचा प्रश्नच नव्हता. मामा अमरावतीला राहायचे, ते म्हणाले इकडे पाठवा, बीएस्सी करेल आणि आमच्या पोरांचा अभ्यासही घेईल. व्हीएमव्हीत, म्हंजे आत्ताची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था, फॉर्म भरायला रांगेत उभी होते, मला केमिस्ट्री-बॉटनी-झूऑलॉजी हवं होतं, खिडकीपाशी पोचेपर्यंत ते भरलं. क्लार्क म्हणाले केमिस्ट्रीसोबत जिऑलॉजीच्या जागा आहेत, घ्यायचं तर घ्या, मागे लाइन आहे. मागे खरंच लाइन होती. बस, एवढंच माझं कुतूहल.

पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं की बुलढाण्याचं कोणी आहे का. मी हात वर केला, कुठलं गाव म्हणाले, लोणार म्हटलं, तर सर एकदम खूश, अरे मग तूच सांग की ते कसं तयार झालं. मी उभी राहिले आणि मला जे येत होतं ते सांगितलं, की लवणासुर नावाचा राक्षस होता, विष्णूने त्याला मारलं. वर्गात हशा. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. सर हसले नाहीत मात्र. म्हणाले, नाव बघा त्याचं, लवण म्हंजे मीठ, अर्धी केमिस्ट्री तर हिने सांगितली. मग त्यांनी फळ्यावर बशीसारखा आकार काढून सांगितलं की बेसॉल्टवर उल्का आदळून झालेलं, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे, पाण्याचा पीएच १० च्या आसपास, १८२३ ला अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंद केली, बरीच वर्षं लोक ज्वालामुखीचंच म्हणत होते, आणि १९७३ च्या एका पेपरमध्ये मॅस्केलिनाइट सापडल्याचं आलं, म्हंजे धक्क्याने काच झालेलं फेल्स्पार, ते नुसत्या ज्वालामुखीने होत नाही. मी सगळं देवनागरीत लिहून घेतलं, मॅस्केलिनाइट, प्लॅजिओक्लेज, स्पेलिंग नंतर बघू म्हणून. पुढे वर्षभर माझ्या वह्या अशाच होत्या, इंग्लिश शब्द देवनागरीत आणि वाक्य मराठीत, परीक्षेच्या महिनाभर आधी बसून सगळ्याचं इंग्लिश करायचं. पहिल्या वर्षी एका पेपरला एटीकेटी लागली ती त्यामुळेच.

सतरा वर्षं त्या तळ्याच्या काठावर काढलेली, धारेवर, म्हंजे तिथल्या झऱ्यावर, आंघोळीला गेलेली, कमळजादेवीला नवरात्रात खाली उतरून गेलेली, आणि हातोड्या घेऊन येणारे गोरे लोक बघून "काहून येतात हे इतक्या दूर" म्हणून हसलेली मी, आणि मला तो खड्डा कशाने पडला हे अमरावतीला येऊन कळलं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आमच्या शेजारच्यांच्या बांधावरून मुठीएवढा काळा दगड उचलून आणला. डोक्यात एकच, याची थिन सेक्शन करायची आणि त्यात मॅस्केलिनाइट शोधायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दगडाचा पातळ काप काढून एका बाजूने घासून गुळगुळीत करतात, कॅनडा बाल्सम नावाची चिकट राळ गरम करून काचेच्या स्लाइडला चिकटवतात आणि मग दुसऱ्या बाजूने घासत बसतात, काचेच्या प्लेटवर कार्बोरंडम पावडर आणि पाणी टाकून, आधी जाड पावडर मग बारीक मग अजून बारीक, गोल गोल, बोटं सोलून निघेपर्यंत. ०.०३ मिलिमीटर जाडी झाली पाहिजे, म्हंजे काळाकुट्ट बेसॉल्ट पण आरपार दिसायला लागतो. मधेमधे धुऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं असतं. मी बघितलं, छान दिसत होतं, अजून थोडं अजून थोडं करत घासत राहिले, आणि एकदा धुतल्यावर बघते तर स्लाइड स्वच्छ. दगड नव्हताच. सगळा पावडरीबरोबर मोरीत गेला. दोन दुपारी घालवून मी लोणारचा दगड अमरावतीच्या गटारात सोडला. लॅब असिस्टंट काका म्हणाले, पोरी पहिला सगळ्यांचाच जातो, दुसरा कर. दुसऱ्यात अर्थातच मॅस्केलिनाइट वगैरे काही नव्हतं, साधा दख्खनचा बेसॉल्ट होता. पण मायक्रोस्कोपला क्रॉस्ड निकॉल्स, म्हंजे खनिजांचे रंग दाखवणाऱ्या आडव्या-उभ्या दोन पोलरायझर काचा, लावले आणि प्लॅजिओक्लेज या फेल्स्पारचे ते काळे-पांढरे पट्टे दिसले आणि मधे ऑजाइट या दुसऱ्या खनिजाचे निळे-केशरी तुकडे, तर मला पहिल्यांदा बाबांच्या मशीनखालच्या कपड्यांच्या चिंध्या आठवल्या, दिवसअखेर झाडून गोळा केल्यावर दिसायच्या ना, तशाच. त्या दिवसापासून विषय आवडायला लागला असं म्हणायला हरकत नाही. म्हंजे ॲडमिशननंतर चार-पाच महिन्यांनी.

बाबांचं निघालंच आहे तर पँटचं सांगते. सेकंड इयरला फील्ड टूर होती, सरांनी मुलींना सांगितलं की पंजाबी ड्रेसवर डोंगर चढता येणार नाही, पँट घाला. माझ्याकडे पँट नव्हती, गावात कोणत्याच मुलीकडे नव्हती. मी घाबरत घाबरत बाबांना फोन केला, एसटीडी बूथवरून. ते गप्प राहिले आणि मग विचारलं, काय काय ठेवायचं असते खिशात? मी म्हटलं कंपास, वही, भिंग, पाण्याची बाटली, दगडांच्या पिशव्या. आठ दिवसांनी कंडक्टरच्या हातून पार्सल आलं, खाकी जाड कापड, सहा खिसे, डाव्या बाजूला हातोडी अडकवायला चामड्याचा पट्टा, ही आयडिया त्यांचीच. चिठ्ठी वगैरे काही नाही, बाबा चिठ्ठ्या लिहिणाऱ्यातले नाहीत. आईने मात्र फोनवर बजावलं की ती घालून गावात येऊ नको. ती पँट मी पीएचडी संपेपर्यंत वापरली, दोनदा उसवून वाढवून घेतली.

एमएस्सी २००७ ला झाली. बरोबरची मुलं कोळशाच्या खाणींकडे वळली, वणी-चंद्रपूरकडे, तिथे नोकऱ्या होत्या. मुलींना भूमिगत खाणीत कामच करता यायचं नाही, १९५२ च्या खाण कायद्यातलं ४६ नंबरचं कलम. ते २०१९ ला शिथिल झालं, तोपर्यंत आमच्या बॅचच्या मुलींची वयं निघून गेली होती. तेव्हा मला त्याचा राग पण आला नव्हता खरं सांगायचं तर, असंच असतं वाटलं. मग उरलं काय तर शिकवणं. सेट, म्हंजे प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा, तिसऱ्या प्रयत्नात निघाली. निकालाच्या दिवशी मला वाटलं झालं आता, प्रोफेसर. हसू येतं आता.

कारण पुढची नऊ वर्षं मी सीएचबी होते. क्लॉक अवर बेसिस, तासिका तत्त्व. थिअरीचा तास २४० रुपये, प्रॅक्टिकलचा १२०. महिन्याला सहा-साडेसहा हजाराच्या वर कधी गेलं नाही आणि तेही महिन्याला मिळायचं नाहीच, बिल जायचं, त्रुटी निघायची, परत जायचं, एकदा तर जुलैचे पैसे पुढच्या एप्रिलमध्ये आले. दिवाळीची सुट्टी बिनपगारी, उन्हाळा बिनपगारी, जूनमध्ये परत अर्ज, परत इंटरव्ह्यू, त्याच कॉलेजात, त्याच लोकांसमोर, आपलं नाव काय, शिक्षण काय. एका वर्षी दोन कॉलेजं धरली होती, मधे साठ किलोमीटर, सकाळी एकीकडे जिऑलॉजी आणि दुपारी दुसरीकडे ईव्हीएस, म्हंजे पर्यावरण, एका वर्गात एकशेवीस पोरं आणि माइक नाही. घसा बसला की काळ्या मनुका चघळायच्या. परमनंट सर-मॅडम वाईट नव्हते, पण स्टाफरूममध्ये चहा यायचा तेव्हा शिपाई मोजून आणायचा आणि सीएचबीवाल्यांचे कप त्यात धरलेले नसायचे. एवढी बारीक गोष्ट आहे, पण नऊ वर्षांतली मला सगळ्यात जास्त तीच आठवते. माझ्याकडे आजही कोणी सीएचबीवर आलं की मी आधी कप मोजते.

लग्न याच काळात झालं. बघायला आलेल्या एका काकांनी विचारलं मुलगी काय शिकवते, आई म्हणाली दगड शिकवते. ते स्थळ गेलं, पुढचं जमलं. नवरा बँकेत, त्याच्या पगारावर माझी पीएचडी झाली हे मी कुठल्याच ॲक्नॉलेजमेंटमध्ये नीट लिहिलं नाही, "फॉर हिज सपोर्ट" एवढंच लिहिलंय, म्हणून इथे लिहिते.

पीएचडीला मला अर्थातच लोणार हवं होतं. गाइड म्हणाले लोणारवर जगभरातले लोक करतायत, तुझ्याकडे ना मशीन ना फंड, तू पाण्यावर कर, खारपाणपट्ट्यावर. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला पट्टा, अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा घाटाखालचा भाग. वर काळी कसदार माती, कापूस बघावा तर असा, आणि खाली विहिरीत खारं पाणी. मला आधी वाईट वाटलं होतं, मग वाटलं ठीक आहे, खार तर खार. वर्षातून दोनदा सॅम्पलिंग, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, त्याच विहिरी, तेच बोअर, लिटरच्या बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायच्या, वर मार्करने नंबर टाकायचा, ईसी मीटर, म्हंजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारटपणा सांगणारं यंत्र, बुडवून जागच्या जागी रीडिंग घ्यायचं. मग रात्री क्लोराइडचं टायट्रेशन, सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब टाकत पिवळ्याचं विटकरी होईपर्यंत. पिण्याच्या पाण्यात टीडीएस, म्हंजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं बीआयएसचं, म्हंजे भारतीय मानक ब्यूरोचं, स्टँडर्ड सांगतं. मला दोन हजाराच्या खूप वरची रीडिंगं पिण्याच्या पाण्याची म्हणून मिळायची. आधी वाटलं मीटर बिघडला. कॅलिब्रेट करून परत घेतलं, तेच.

अकोल्याकडच्या एका गावात मे महिन्यात विहिरीवर होते, ऊन असं की बाटली हातात धरवत नव्हती, तिथल्या एका आजीने घरात बोलावलं, बस बाई म्हणाली, चहा टाकला. आणि तो फाटला. मी म्हटलं राहू द्या आजी, तर म्हणाली नाही वं, दूध नासकं नाही आमचं, पाणीच असं हाय, चहाचं पाणी मी वेगळं ठेवते पण आज संपलं. मग पोराला शेजारी पिटाळून तांब्याभर गोडं पाणी मागून आणलं आणि परत चहा केला, माझ्यासाठी. डाळ पण शिजत नाही म्हणाली, वरण करायचं तर टँकरचं पाणी लागते. तिने बोलता बोलता गावातल्या चार-पाच विहिरींची नावं घेतली, ही लई खारी, ही पावसाळ्यात बरी, ही आधी गोडी होती पण खोल केल्यावर खारी झाली. मी वहीत लिहून घेतलं सवयीने. नंतर पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची टेबलं समोर ठेवली तर तिचा क्रम आणि माझा ईसीचा क्रम सारखाच, एक विहीर सोडून. थीसिसमध्ये हे कसं लिहायचं मला कळलंच नाही. "लोकल इन्फॉर्मंट" असं लिहिलं शेवटी. तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. कोर्सवर्क, विषय मंजूर करणारी आरआरसी कमिटी, दर सहा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट, त्यावर सही, त्या सहीसाठी दोन चकरा. मधे मुलगा झाला, एक वर्ष गेलं. २०१७ ला ओपन व्हायवा झाला, बाबा आले होते, मागच्या रांगेत बसले, सगळं इंग्लिशमध्ये. बाहेर आल्यावर म्हणाले, तो चष्मेवाला दोनदा विचारत होता तेच तेच, तू चिडली नाही हे चांगलं केलं.

आणि त्याच वर्षी प्राध्यापकांची भरती बंद झाली. काय टायमिंग.

त्याच्या आधीही काही ठिकाणी इंटरव्ह्यू दिले होते. एका संस्थेत पॅनल संपल्यावर बाहेर एक गृहस्थ भेटले, एकदम आदबीने बोलणारे, मॅडम तुमचं प्रेझेंटेशन सुंदर झालं, बाकीचं कोण बघणार तुमच्याकडून? मला आधी कळलंच नाही बाकीचं म्हंजे काय. मग त्यांनी आकडा सांगितला, लाखांमध्ये, बाबांनी आयुष्यभर शिवलेल्या सगळ्या पँटी विकल्या तरी न होणारा. मी बसस्टँडवर येऊन उसाचा रस प्यायला आणि घरी सांगितलं की पोस्ट राखीव निघाली.

नोव्हेंबर २०१८ ला सरकारने ३५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी दिली. आम्हा सीएचबीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री कोणी झोपलं नाही, कोणत्या विषयाच्या किती, आरक्षणाच्या रोस्टरचं काय, सरकारची एनओसी कधी. जिऑलॉजीच्या जागा अशा किती असणार, बोटावर मोजण्याएवढ्या. त्याच महिन्यात तासाचे २४० चे ५०० झाले, त्याचाही आनंद झाला होता, हे आता वाचताना विचित्र वाटतं पण झाला होता. मी तीन ठिकाणी अर्ज केले. तिसऱ्या ठिकाणी कोणी बाहेर भेटलं नाही. पॅनलमधल्या एक्स्पर्टनी एकच प्रश्न नीट विचारला, बाकी सगळे मोबाइल बघत होते, की खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला तुमच्या पाइपर डायग्रॅमचा (पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा आलेख) काय उपयोग. मी म्हटलं, सर त्याचा काही नाही, त्याला त्याची विहीर माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, उपयोग पुढची विहीर कुठे आणि किती खोल घ्यायची नाही हे सांगायला आहे. मग त्यांनी ते कुतूहलवालं विचारलं, जिऑलॉजीच का? आणि मी तेच ठेवणीतलं सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

२०१९ ला जॉइन झाले, वय पस्तीस. बेसिक ५७,७०० लेटरवर लिहिलेलं, पण विद्यापीठाचं अप्रूव्हल, मग वेतननिश्चिती, मग पहिला पगार हातात यायला दिवाळी उलटली. आणि पगाराची सवय होतेय तोवर लॉकडाऊन. जून २०२० ला लोणारचं पाणी गुलाबी झालं, तुम्ही फोटो बघितले असतीलच. माझा फोन दोन दिवस वाजत होता, मॅडम तुम्ही तिथल्या ना, कशाने झालं, प्रलय आहे का. मी दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेली, पास नाही, आणि माझ्यापेक्षा आईलाच जास्त माहिती, ती रोज सकाळी जाऊन वरून बघून यायची आणि मला रिपोर्ट द्यायची, आज जास्त, आज कमी. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेने सॅम्पल तपासून सांगितलं की खारटपणा वाढला की फोफावणारे हॅलोआर्किया म्हणून जीव असतात, त्यांचा तो रंग. मी आईला फोन करून समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हंजे खारामुळेच ना, मग तेच तर म्हणत होते मी.

आता दर हिवाळ्यात मुलांना घेऊन लोणारला जाते. अभयारण्य आहे, परवानगी काढायची, दगड उचलायचे नाहीत, बघायचं आणि पीएच पेपर बुडवायचा, निळाशार होतो, मुलं फोटो काढतात. बाबांच्या डोळ्यांनी आता शिवणकाम होत नाही. संध्याकाळी पोरं बसमध्ये बसली की मी दहा मिनिटं घरी जाऊन येते. यावर्षी आई पापड करत होती, समोर बाजारातलं पापडखाराचं पाकीट. मी म्हटलं चव कशी येते गं याला? ती म्हणाली नाही येत, आजीच्या डब्यातली चव याला नाही. मी म्हटलं आई, ते सोडियमचं कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, हेही जवळपास तेच, फरक लागायला नको. तिने एक कच्चा पापड तोडून माझ्या हातावर ठेवला, म्हणाली खाऊन सांग.

खाल्ला. नाही लागली ती चव.